ठोक्याची घागर

रविवारी सकाळी नाशिकरोडला,
खैरनार सरांच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत
आम्ही सात जण.
सहा पोरं इंटरमिजिएटच्या परीक्षेची,
सातवी मी, सत्तेचाळीस वर्षांची,
अंबडच्या कंपनीत नट-बोल्ट मोजणारी.

सर चौतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये होते.
तिथे काय करायचात, विचारलं की म्हणतात,
रेघा.
रेघेशेजारी रेघ. तिसरी चुकली की दिवस गेला.

स्टुलावर चुण्या पाडलेलं जुनं धोतर,
त्यावर द्राक्षांचा घड, एक लाल कांदा
आणि घागर.
घागर मी आणलेली, तांबट लेनमधल्या खोलीतून.
वडिलांच्या हातची, ठोक्याची.
वाटणीत कुणी मागितली नाही म्हणून माझ्याकडे राहिलेली.

"द्राक्षं पुसू नका रे," सर ओरडतात,
"त्यांना चकाकी नसते, साय असते.
तिथे एच बी, तीही आडवी धरून,
फुंकर घातल्यासारखी."
तोवर शार्दूलनं दोन खाल्लेली.
माझ्या कागदावर ती अजून आहेत.

घागरीचं तसं नाही.
आधी वाटलं, गोल तर आहे:
एका अंगाला उजेड, एका अंगाला काळोख, मधे उतरण.
उतरण जमली. चार बीनं पोट भरून काढलं.
सर आले, चष्मा कपाळावर चढवला.
"बाई, हा भोपळा झाला."

मग नीट बघितलं.
प्रत्येक ठोक्याचा खळगा वेगळा,
त्याची स्वतःची सावली, स्वतःचा तांदळाएवढा उजेड,
आणि तोही उलटा:
खिडकी डावीकडे, घागर उजळते डावीकडून,
खळगा मात्र उजवीकडच्या काठावर लकाकतो.
असे शेकडो.

"पांढरं काढायचं नसतं," सर म्हणाले,
"राखायचं असतं. पाखरांपासून कणसं राखतात तसं."

तीन रविवार मी राखण करते आहे.
करंगळी टेकून, श्वास धरून,
पेन्सिल उजेडाच्या काठाशी नेते आणि थांबवते.
बुजला एखादा, तर पावाचा गर.
चोळायचा नाही. टेकवायचा, उचलायचा.
उजेड परत येतो,
पण जरा बिचकत.

गळ्यापासून खाली ओळीमागून ओळ,
सगळे खळगे एकाच बाजूला कललेले.
उजव्या हाताचा, न थकणारा माणूस.
एकविसाव्या ओळीनंतर माझी रेघ अडखळली.
डोळे किलकिले केले. स्टुलापाशी जाऊन आले.
चार ओळी उलट्या कललेल्या.
ठोके उथळ, जवळजवळ,
चुकायला नको म्हणून मोजून मारलेले.

घरात डावखुरं माणूस एकच होतं.
पंगतीत डावा हात पुढे आला
म्हणून बोलणी खाल्लेलं.
एका उन्हाळ्यात वडिलांचा खांदा धरला होता,
दुकान मात्र बंद राहिलं नव्हतं,
एवढं ऐकून होते.
त्या घागरी पुऱ्या कुणी केल्या
हे आम्ही कुणी विचारलं नाही.
आईही बोलली नाही. ती तशीही
भांड्यांच्या आवाजात बोलायची नाही.

मी सहा बी उचलली.
त्या चार ओळींच्या भोवती गडद केलं,
मग आणखी गडद, बोट काळं होईस्तोवर.

"इथे एवढं काळं?" सरांनी विचारलं.
म्हटलं, इथला उजेड फार बारीक आहे.
शेजारी काळं नसेल तर दिसायचा नाही.

सर काही बोलले नाहीत.
ब्लेडनं माझ्या पेन्सिलीला
लांब टोक काढून दिलं.

ऊन स्टुलावरून उतरलं.
पोरांनी उरलेली द्राक्षं संपवली.
धोतरावरची पडछाया राहिली आहे.
ती पुढच्या रविवारी.